धावड्यापर्यंतची मोजणी

मंठ्याच्या मिस्तरींची मोजणी बरोबर होती. त्या दिवशी व्होल्टेजही व्यवस्थित होतं. ही दोन वाक्यं आधीच लिहून टाकतो. नाहीतर माझ्या स्वभावाप्रमाणे मी इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि मुद्द्याचं पुन्हा घशातच राहील. नऊ वर्षं ते तिथेच होतं.

मी फार बोलणारा माणूस नाही. जालन्याच्या एका कॉलेजात कारकुनी करतो. पूर्वी सुट्टीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. लग्नं, जयंत्या, गणपती. गिटारवाल्याला बोलावं लागत नाही, मागे उभं राहून मान डोलावली की भागतं. सगळ्या आयुष्यात माईकवर मी एकदाच बोललो आणि जे बोललो ते या माणसाबद्दल बोललो.

मिस्तरी मोटरी भरायचे. शेतातली पाणबुडी मोटर जळाली की तिच्या पोटातली करपलेली तार उपसून नवी तार वेढ्यावेढ्यानं बसवायची, याला आमच्याकडे मोटर भरणं म्हणतात. बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याचं दुकान होतं, मागे घर, मध्ये एक पडदा. पडद्याच्या अलीकडे मिस्तरी, पलीकडे मावशी, म्हणजे त्यांची बायको. आणि दुकानाच्या दारावर लाल रंगात, वेड्यावाकड्या अक्षरात पाटी: 'आकडे बाहेर ठेवून आत यावे.'

ही पाटी वाचून नवीन माणूस हसायचा. आत आल्यावर हसू जायचं. मिस्तरी हातानं फिरवायच्या मशीनवर तार गुंडाळत असायचे, ओठ हलत असायचे, आणि अशा वेळी कुणी तोंडातून आकडा काढला तर त्यांची मोजणी विस्कटायची. मग ते एक शब्द न बोलता अख्खं गुंडाळं उलगडायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायचे. त्यामुळे दुकानात किती दिवस लागतील, किती होतील, किती वाजता येऊ, हे सगळं बोटांवर चालायचं. एकदा एक शेतकरी नुसता दारात टेकला. मिस्तरींनी डोळ्यांनीच विचारलं, काय काम?

"काई न्हाई मिस्तरी, सातबारा काढायला आल्तो. म्हनलं बसावं घडीभर."

सातबाऱ्यात दोन आकडे आहेत हे त्या बिचाऱ्याच्या ध्यानातही नव्हतं. मिस्तरींनी हात थांबवला, छताकडे बघितलं आणि पंख्याचं पाऊण झालेलं गुंडाळं सोडवायला घेतलं. आतून मावशी म्हणाल्या, "तलाठ्याकडंच बसायचं व्हतं की मंग!"

मशीनला वेढे मोजणारा काटा होता. मिस्तरींनी त्यावर एक चिंधी घट्ट बांधून टाकली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "यंतराला काय म्हाईती तार तुटली का ऱ्हायली? त्ये आपलं फिरलं की मोजतंय. मोजनारा माणूस पायजे, कलाकार."

मला ते कलाकार म्हणायचे. पहिल्या दिवसापासून. त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती हे मला कधीच कळलं नाही. मावशीही मग तेच म्हणायला लागल्या, आणि त्यांच्या तोंडून मात्र ती शुद्ध चेष्टा होती.

त्यांची मोजणीसुद्धा वेगळी. एक ते शंभर ओठांतल्या ओठांत. शंभर झाले की आकडा नाही, ठिकाणाचं नाव घ्यायचे, मोठ्यानं. पहिलं शतक म्हणजे मंठ्याचा नाका. दुसरं म्हणजे पुलाजवळचं वडाचं झाड. मग एकेक वस्ती, एकेक फाटा, वाटूर, रामनगर, जालना, राजूर, भोकरदन, असं करत करत मोजणी थेट धावड्याला पोचायची. जिल्ह्याचं हे टोक ते ते टोक. धावडा हे मावशींचं माहेर. लग्न ठरल्यावर मिस्तरी एकदा मंठ्याहून सायकलवर तिकडे गेले होते, मुलीला परत एकदा बघायला. त्या प्रवासात डोक्यात बसलेली गावं पुढे मोजणीच्या कामी आली. साधी मोटर त्यांच्या हिशेबानं नाक्यापर्यंतही जात नसे. पंखा वाटूरच्या आत संपायचा. स्टॅबिलायझर जालन्याला पोचायचं. धावड्यापर्यंत जाणारं काम क्वचित यायचं. आतून मावशी ऐकत असायच्या. "राजूर" ऐकू आलं की पडद्यामागे स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज यायचा. म्हणजे धावड्याला पोचेपर्यंत चहा तयार.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जळालेली मोटर आली की मिस्तरी ती उघडून आधी नाकाशी धरायचे. तारेचं कवच कसं करपलंय त्या वासावरून ती कशानं जळाली ते त्यांना कळायचं. बहुतेक वेळा माणसाच्याच चुकीनं जळालेली असायची. बोअरचं पाणी गेलं आणि मालक मोटर चालू ठेवून गावात गेला, असं काहीतरी. पण चारचौघांत कुणी विचारलं, "काय झाल्तं मिस्तरी?" की उत्तर ठरलेलं, "व्होल्टेज." सगळा दोष लाईटवर. दुकानात बसलेले लोक लाईटला शिव्या घालायचे, मालकही घालायचा. मग मोटर घेऊन जाताना मिस्तरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून कानाशी तोंड न्यायचे. "डोळा लागला व्हता ना?" किंवा "पत्ते खेळत बसला व्हतास ना?" तेवढंच. माणूस मान खाली घालायचा आणि निघून जायचा. त्या माणसाची चूक त्याच्या कानाच्या बाहेर कधी आली नाही.

माझी गिटार त्यांच्याकडे कशी गेली, ते आता सांगतो. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी मुंबईहून एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली होती. अर्धपोकळ. म्हणजे मधे भरीव लाकूड, दोन्ही बाजूंना पोकळी आणि वरच्या फळीला लांबट नागमोडी फट. तारांखाली दोन पिकअप असतात. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तारेचं गुंडाळं, वर वाजणाऱ्या तारेची थरथर ते पकडतं. एक गळ्याकडे, एक खालच्या बाजूला. गळ्याकडचा मेला होता. बाकी बटणं खरखरत होती, स्विच अडकत होता, वायरींचं कवच हात लावला की पडत होतं. जालन्यात रेडिओवाल्यांनी हात वर केले. कुणीतरी म्हणालं, मंठ्याला एक येडा मिस्तरी आहे, गुंडाळं म्हटलं की सोडत नाही.

मिस्तरींनी गिटार आडवी मांडीवर घेतली, फटीतून आत डोकावले. "दार कुठंय हिला?"

"दार नाही. जे काय आत जायचं ते या फटीतूनच जातं."

"म्हंजे बोअरच हाय की," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

बोअरमध्ये मोटर सोडताना तिला दोर बांधतात, नाहीतर वर कशी काढणार? मिस्तरींनी तोच न्याय लावला. सायकलच्या व्हॉलट्यूबची रबरी नळी आणली, तिचे हातभर तुकडे केले, आणि प्रत्येक बटणाच्या दांडीवर एकेक तुकडा चढवून मगच जुनं सामान आत ढकललं आणि फटीतून बाहेर काढलं. नळ्यांची दुसरी टोकं भोकांतून बाहेर राहिली. परत जाताना नवं बटण त्याच नळीच्या टोकाला अडकवायचं आणि ओढायचं, की ते बरोबर आपल्या भोकात येऊन बसतं. खूप वर्षांनी मला कळलं की मोठ्या शहरांतले गिटारचे कारागीरही अशीच नळी वापरतात. मिस्तरींना हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

पिकअपसाठी लागणारी बारीक तार त्यांनी जुन्या टेलिफोनच्या घंट्यांतून काढली. मोबाईल आल्यावर गावागावांतून भंगारात गेलेले काळे-लाल फोन त्यांनी साठवून ठेवले होते. तार इतकी बारीक की उजेडाकडे धरल्याशिवाय दिसायची नाही. श्वास जोरात सोडला तरी तुटायची. तीनदा तुटली, एकदा तर भोकरदन ओलांडल्यावर. तिन्ही वेळा ते मंठ्याच्या नाक्यापासून परत निघाले. अकरा दिवस. चौथ्या खेपेला मी तिथे होतो. "धावडा" म्हणाले तेव्हा आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले, आणि आतून मावशी म्हणाल्या, "पोचले का? या, हात-पाय धुवा."

मिस्तरींची एक रीत होती. कुठलंही काम असो, शेवटचा टाका मालकाचा. मोटरवाल्या शेतकऱ्याला ते शेवटची दोरी बांधायला लावायचे, रेडिओवाल्याच्या हातात सोल्डरगन द्यायचे. "वस्तू तुझी हाय. तुझा हात लागला पायजे." आणि मालक तो टाका मारत असताना ते तोंड रस्त्याकडे फिरवून बसायचे. मुद्दाम. बघायचे नाहीत, नंतर तपासायचेही नाहीत. म्हणायचे, बघितलं की इस्वास न्हाई असं व्हतं.

गिटारच्या बाबतीत शेवटचा टाका दोन तारांचा होता. नव्या पिकअपमधून आलेल्या दोन तारा, दोन्ही सारख्याच तांबूस. मिस्तरींनी एकीला पांढऱ्या दोऱ्याची बारीक गाठ मारून ठेवली होती. "गाठवाली अर्थिंगला, मोकळी बटनाच्या पायाला. उलट केली तर दोन्ही पिकअप एकमेकाचा आवाज खात्यात. ध्यानात ऱ्हाईल?"

"राहील."

सोल्डरगन माझ्या हातात दिली आणि ते रस्त्याकडे वळले. तेवढ्यात फोन आला. ऑर्केस्ट्राचे मालक. टेम्पो कुठाय, स्पीकर कुठाय, संध्याकाळी जयंतीचा कार्यक्रम मंठ्यातच आणि तू अजून त्या दुकानात काय करतोस. मी फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला, हो हो म्हणत राहिलो आणि दोन टाके मारले. गाठ बघितल्याचं मला आठवत नाही. न बघितल्याचंही आठवत नाही. हीच माझी चूक होती. लहान होती, कुणाच्याही हातून झाली असती. तिथेच थांबली असती तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

मिस्तरींनी सगळं सामान नळ्यांना अडकवून एकेक करून आत ओढून घेतलं. माझे टाके गिटारच्या पोटात गेले. मग लाईट गेली.

"लाईट येऊ दे. दोन्ही पिकअप लावून ऐक, मंगच ने."

"स्टेजवरच ऐकतो मिस्तरी. जल्दी आहे."

"ऐक म्हनतो ना."

मी थांबलो नाही.

कार्यक्रमाला ते दोघं आले होते. अजून उजेड होता. तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, मावशींच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं. शेजारच्यांना बोटानं माझी गिटार दाखवत होते. पहिल्या गाण्यात मी एकच पिकअप लावला होता, छान वाजली. दुसऱ्या गाण्यात माझा एकट्याचा तुकडा होता. भरदार आवाज हवा म्हणून मी स्विच मधे आणला, दोन्ही पिकअप एकदम. आणि गिटारचा आवाज नाकातून यायला लागला. पातळ, केविलवाणा, जीव नसलेला.

पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे सोडा त्या बकरीला, पान्यावर न्यायचीय!"

हशा पिकला. गायक वळून बघायला लागला. मालकांनी कपाळाला हात लावला. आणि मी, कधी न बोलणारा मी, माईकशी गेलो.

"माफ करा मंडळी. गिटार तुमच्याच गावच्या मिस्तरीकडे दिली होती. त्यांनी आत पाणबुडी मोटर बसवलेली दिसते. पाणी येईपर्यंत जरा दम धरा."

एवढा हशा मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. खरं सांगतो, तो आवडला. मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. मिस्तरीही हसत होते. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, सगळे हसतायत म्हणून. मावशी हसत नव्हत्या.

सकाळी टेम्पोत सामान भरत होतो तेव्हा मिस्तरी आले. सगळी पार्टी उभी होती. त्यांनी मला बाजूला घ्यायला बघितलं, मी हललो नाही. मग तिथेच विचारलं, हळू आवाजात, "कलाकार, गाठवाली अर्थिंगलाच लावली व्हती ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कालच्या विनोदाबद्दल सकाळपासून पाठीवर थापा मिळत होत्या.

"हो," मी म्हणालो. "तुम्ही सांगितलं तशीच. बराबर."

त्यांनी मान हलवली. "मंग मोजनीच चुकली म्हनायची," ते म्हणाले. "एखादं गाव सुटलं असंल. उघडून बघू का?"

"नको. शहरात दाखवतो आता."

त्यांनी खाली पडलेली एक दोरी उचलून टेम्पोवाल्याला सामान बांधायला मदत केली आणि गेले.

पुढच्या महिन्यात शहरातल्या एका कारागिराकडे गिटार नेली. त्यानं सामान बाहेर काढलं, मीटर लावला आणि शीळ घातली. "वाइंडिंग कुणी केलंय? मशीनचं पण इतकं सारखं नसतं. काही बिघाड नाही हो. या दोन वायरी उलट्या आहेत, बस. दोन मिनिटांचं काम." माझ्याकडे बघून म्हणाला, "हे टाके मात्र कुणा नवशिक्याचे दिसतात."

मी काय करायला हवं होतं? पहिली एस.टी. पकडून मंठ्याला जायला हवं होतं. मी त्याला म्हणालो, दोन्ही पिकअप नवेच बसवा. कारण मिस्तरींचा पिकअप गिटारमध्ये राहिला असता तर प्रत्येक कार्यक्रमात मला तो ऐकावा लागला असता. काढलेला पिकअप मी एका डब्यात घातला आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर. मंठ्याचे कार्यक्रम आले की मी आजारी पडायला लागलो. पुढे पार्टीच बंद पडली.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजात मंठ्याकडचा एक शिपाई बदलून आला. जेवणाच्या सुट्टीत तो गावाकडच्या गमती सांगत होता. म्हणाला, "आमच्याकडं एक म्हातारा-म्हातारी हायेत, जोडीनं मोटरी भरतेत. त्यानं गावाचं नाव घ्यायचं, मंग तिनं घ्यायचं. भजनच! म्हाताऱ्याला सोताची मोजनी पटत न्हाई ना. कवातरी चुकली म्हनं, तवापासून. म्हातारी चिंचोके मांडती, आन तरीबी म्हातारा अधूनमधून सगळं उकलितो. लोकं कट्टाळले, दुसरीकडं जाऊन राह्यले आता."

सगळे हसले.

त्या शनिवारी डबा आणि गिटार घेऊन मी मंठ्याला गेलो. दुपारची वेळ. पाटी तीच होती, रंग उडालेला. मशीनच्या काट्यावरची चिंधी नव्हती. मिस्तरी मशीन फिरवत होते आणि काट्याकडे बघत होते. शेजारी, जमिनीवर, मावशी. पडदा एका बाजूला सारलेला. मावशींच्या पुढ्यात ताटली, ताटलीत चिंचोके.

"वडाचं झाड," मिस्तरी म्हणाले.

"वडाचं झाड," मावशी म्हणाल्या आणि एक चिंचोका इकडून तिकडे सरकवला.

मी दाराशी उभा राहिलो. पंखा होता, वाटूरच्या अलीकडेच संपला. मिस्तरींनी मान वर केली, मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला. "कलाकार! किती पिकलास रं."

मी बसलो नाही. बसलो असतो तर चहा आला असता आणि चहाबरोबर सगळं परत गिळलं असतं. उभ्या उभ्याच सांगितलं. फोन कानाला होता. गाठ बघितली नाही. तारा उलट्या लावल्या. सकाळी विचारलंत तेव्हा खोटं बोललो. महिन्याभरात खरं कळलं, तरी आलो नाही. तुमची मोजणी बरोबर होती.

मिस्तरींनी मशीनचा दांडा सोडला. मग विचारलं, "गाठ व्हती का?"

"म्हणजे?"

"मी गाठ मारली व्हती का न्हाई? मला आठवत न्हाई. मला वाटायचं, गाठच मारली नसंल. का मोकळीलाच मारली. मोजनीचं एक, आन ह्ये एक."

मी डबा उघडला. पिकअप बाहेर काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. नखानं तार चाचपत गेले आणि थांबले.

"हाये," ते म्हणाले. मावशींकडे वळून पुन्हा म्हणाले, "गाठ हाये गं."

मावशी माझ्याकडे बघत होत्या. "नऊ वर्सं दुपारची पाठ टेकली न्हाई म्या, कलाकार. आधी ह्ये हितून आवाज देऊन चहा मागायचे. तवापासून मीच हितं. बाई मानूस दुकानात बसती म्हनून लोकं काय काय बोलली."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नऊ वर्षं मी एका माणसाचा अपराधी म्हणून स्वतःला बोचून घेत होतो, आणि तिथे दोन माणसं होती.

"मावशी, माफ..."

"माफ-बिफ ऱ्हाऊ द्या. चहा घेता का? का कपाला कान नव्हता म्हनून सांडला म्हनताल?"

मिस्तरी म्हणाले, "उघड ती."

मग सगळं पुन्हा झालं. व्हॉलट्यूबच्या नळ्या, फटीतून बाहेर येणारं सामान, गळ्याकडचा नवा पिकअप बाजूला, त्याच्या जागी जुना, टेलिफोनच्या घंट्यांच्या तारेचा. त्यांचे हात थरथरत होते, पण सोल्डरगन तारेजवळ आली की थांबायचे. दोन तारा उरल्या तेव्हा त्यांनी सोल्डरगन माझ्यापुढे केली.

"तुम्हीच मारा मिस्तरी."

"शेवटचा टाका मालकाचा."

"मला नाही..."

"रीत म्हंजे रीत," ते म्हणाले आणि रस्त्याकडे तोंड फिरवून बसले.

"मी मातर बघनार हाय," मावशी म्हणाल्या, आणि चष्मा लावून माझ्या हातावर इतक्या वाकल्या की त्यांचा श्वास मला लागत होता. मी गाठ शोधली. बोटात धरली. पांढरा दोरा पिवळा पडला होता. गाठवाली अर्थिंगला. मोकळी बटणाच्या पायाला. मावशींनी हुंकार दिला, तेव्हाच मी श्वास सोडला.

सामान आत गेलं. लाईट होती. दुकानातल्या एका जुन्या अँप्लिफायरला वायर जोडली, स्विच मधे आणला आणि वाजवलं. काय वाजवलं ते महत्त्वाचं नाही. भरदार, गोल आवाज आला, पत्र्याचं दुकान गुणगुणायला लागलं. मिस्तरी रस्त्याकडे तोंड करूनच ऐकत होते. त्यांची मान हलत होती.

आवाज ऐकून समोरचा चहावाला रस्ता ओलांडून आला. हा माणूस नऊ वर्षं त्यांना येता-जाता 'मिस्तरी, गिटार भरून देता का?' असं म्हणत होता, हे मला मावशींनी नंतर सांगितलं. तो म्हणाला, "आयला, हीच का ती? वाजली की! काय झाल्तं मिस्तरी तवा?"

मी तोंड उघडलं. मिस्तरींनी माझ्या आधी उत्तर दिलं.

"व्होल्टेज."

"तरीच!" चहावाला म्हणाला आणि लाईटच्या नावानं दोन शिव्या घालून गेला.

"व्होल्टेज म्हने," मावशी पुटपुटल्या.

आणि मी गप्प राहिलो. पुन्हा. म्हणून हे लिहितो आहे. निघताना मिस्तरींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी आले. त्यांच्या अंगाला वॉर्निशचा वास होता, नऊ वर्षांपूर्वी होता तोच.

"घाई झाली व्हती ना?" ते म्हणाले. तेवढंच.

मी मान खाली घातली. गिटारचा पट्टा खांद्यावर घेतला, पण पाय निघेना. दारातच उभा राहिलो. मिस्तरींनी दुसऱ्या पंख्याची तार मशीनला लावली. मग हात पुढे केला, "चिंधी दे गं एखादी." मावशींनी पायपुसण्याची किनार टराटरा फाडून दिली. त्यांनी ती काट्यावर गुंडाळली, दोनदा गाठ मारली, ओढून बघितली.

"ऊठ आता तू. जा, पड जरा."

मावशी गुडघ्यावर हात टेकून उठल्या. चिंचोके डब्यात ओतले. आत गेल्या, पडदा ओढून घेतला. बाजेची करकर ऐकू आली.

मशीन फिरायला लागली. ओठ हलायला लागले. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, कुणी पाटी वाचून परत फिरलं, ते थांबले नाहीत.

"नाका," मिस्तरी म्हणाले आणि सवयीनं हात किंचित थबकला.

आत शांतता. हात पुन्हा फिरणार, इतक्यात पडद्यामागून झोपेनं जड झालेला आवाज आला.

"नाका."

"झोप म्हनलं ना तुला!" मिस्तरी ओरडले, आणि न चुकता पुढच्या वेढ्यावर गेले.